घाटात बंद पडणारी रुग्णवाहिका

एका जंगलात एकच रुग्णवाहिका होती. एवढ्या मोठ्या जंगलाला एकच का, असं विचारू नका बाळांनो. एका सशाने विचारलं होतं. त्याला अजून उत्तर आलेलं नाही.

रुग्णवाहिका म्हणजे एक म्हातारी जीप. सपाटीवर ती छान पळे. घाट लागला की फटफट करी, धक्के खाई आणि तिसऱ्या वळणावर बंद पडे. अर्ध्या तासाने आपली आपण सुरू होई. तोवर आतला पेशंट एकतर बरा झालेला असे, नाहीतर त्याची काळजीच मिटलेली असे.

गाडी चालवायची भामा मुंगूस. दुरुस्तीही तीच करायची. सध्या तिची झोप उडाली होती, कारण तिची मैत्रीण कस्तुरी हरिणी गरोदर होती. पाडस पोटात आडवं होतं आणि दवाखाना घाटापलीकडे होता.

वाहनमंत्री कोल्हेसाहेबांनी तज्ज्ञांची समिती नेमली. हत्ती म्हणाला, "पंप." पंप बदलला. अस्वल म्हणालं, "बॅटरी." बॅटरी बदलली. माकड म्हणालं, "उरलंय ते सगळं." तेही बदललं. दर वेळी मैदानात चाचणी झाली, गाडी झकास पळाली आणि 'दोष नाही' असं प्रमाणपत्र मिळालं.

"साहेब, चाचणी घाटात घ्या ना," भामा म्हणाली. "बंद तिथे पडते."

"म्हणूनच नको," साहेब म्हणाले. "तिथे बंद पडली तर प्रमाणपत्र कसं देणार?"

मग भामाने समितीला जे सुचलं नव्हतं ते केलं. ती बघत बसली.

प्रत्येक फेरीला निघताना साहेब स्वतः येत आणि बॉनेटवर नारळ फोडत. रिवाजच होता. पाणी बॉनेटच्या खोबणीत साचे. सपाटीवर तिथेच राही. घाट चढताना गाडीचं नाक वर झालं की ते मागे वाही आणि फटीतून थेट प्लगच्या, माकडाच्या यादीतून सुटलेल्या जुन्या, तडकलेल्या वायरींवर टपकू लागे. ठिणगी प्लगपर्यंत पोचतच नसे. इंजिनाच्या धगीने वायरी वाळल्या की गाडी पुन्हा शहाणी.

खात्री करायला भामाने चालू इंजिनाच्या वायरींवर चूळभर पाणी टाकलं. इंजिन खोकलं आणि मेलं. भामा आनंदाने नाचली. बाळांनो, तिला अजून नोकरीचा अनुभव नव्हता.

"साहेब, नारळ दगडावर फोडा! आणि मला चार नव्या वायरी द्या."

साहेबांच्या मिशा ताठ झाल्या. "म्हणजे गाडी मी बंद पाडतो?"

"तुम्ही नाही हो. पाणी."

"नारळ कोणाच्या हातातला?"

वायरी मिळाल्या नाहीत. भामाने फटीवर रबराचा तुकडा लावला. माकडाने तो 'मंजुरी नसलेला सुटा भाग' म्हणून जप्त केला.

आणि एका सकाळी कस्तुरीला कळा सुरू झाल्या.

भामाने तिला गाडीत घातलं, इंजिन सुरू केलं. साहेब नारळ घेऊन हजर. प्रसंग मोठा, म्हणून आधी भाषण.

"भामे," कस्तुरी कण्हत म्हणाली, "भाषणाला मी थांबेन गं. पाडस नाही थांबायचं."

साहेबांनी हात उंचावला. भामाने क्लच सोडला. नारळ खाली आला तेव्हा खाली बॉनेट नव्हतं, साहेबांचाच पाय होता.

पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याला भामाने श्वास रोखला. गाडीने तेही घेतलं. न खोकता, न अडखळता. दुपारी दवाखान्यात चार खुरांचं ओलं पाडस धडपडत उभं राहिलं, आणि भामा त्याला धरून ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. निष्कर्ष निघाला, की साहेबांनी नारळाचा आघात स्वतःच्या पायावर झेलल्यामुळे गाडी घाट चढली. साहेबांचा सत्कार झाला. भामाची बदली बैलगाडी विभागात झाली. सत्कारात बॉनेटवर अकरा नारळ फुटले आणि मिरवणूक घाटाकडे निघाली.

गाडी तिसऱ्या वळणावर आहे. नवी समिती पंपापासून सुरुवात करणार आहे.

तात्पर्य : बाळांनो, बिघाडाचं कारण कधी शोधू नये. ते सापडतं. आणि सापडलं की बहुधा सही करणाऱ्याच्या हातात असतं.