नागनाथरावांची पाहणी

आमच्याकडे फ्रिज आला त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी नागनाथराव कंधारकर आले. चपला दाराबाहेर काढल्या, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि सरळ जाऊन फ्रिजचं दार उघडून आत डोकं घातलं.

"आत दिवा आहे," आतून आवाज आला.

"हो, असतो," मी म्हणालो.

"दार लावल्यावर विझतो का?"

"विझत असणार."

"असणार? मास्तर, गणित शिकवता ना तुम्ही? पोरांना असंच सांगता का, दोन नि दोन चार असणार?"

मग त्यांनी दार लावलं, पाठ फिरवली, खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं आणि झपकन वळून दार उघडलं. दिवा चालूच. पुन्हा लावलं. या खेपेला माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारता मारता, अगदी दुसरीकडे लक्ष आहे असं दाखवून उघडलं. दिवा चालूच. नागनाथरावांची सगळी नोकरी वजनमापे खात्यात गेली होती. दुकानदारांवर अचानक छापा घालून खोटी वजनं पकडणं हा त्यांचा हातखंडा. त्यांच्यापेक्षा चपळ असा हा दिवाच पहिला भेटलेला. शेवटी माझ्या बायकोनं, कुसुमनं, दाराच्या कडेचं बटण बोटानं दाबून दिवा विझवून दाखवला, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

"हौ, बराबर आहे. आता संस्थेचं पाणी द्या."

संस्थेचं पाणी म्हणजे आमच्याच फ्रिजमधलं पाणी. फ्रिज आमच्या पतसंस्थेच्या कर्जातून घेतलेला, म्हणून पाणीही संस्थेचं. ते एका दमात प्यायले, डोळे मिटून क्षणभर थांबले, आणि म्हणाले, "गार आहे. कुसुमताई, कर्ज योग्य कारणी लागलं."

ही आमची पतसंस्था म्हणजे हैदराबादेतल्या मराठी माणसांनी चालवलेली लहानशी गोष्ट. अंबरपेठेत एका पिठाच्या गिरणीवर दोन खोल्या. खाली गिरणी चालू झाली की वर कागदांवर पीठ बसायचं आणि संस्थेत शिरलेला कुठलाही माणूस बाहेर पडताना म्हातारा दिसायचा. बहुतेक सभासद जुन्या निजामी मुलखातल्या गावांमधून आलेले, कुणाचं किराणा दुकान, कुणाची कारकुनी. मी शाळामास्तर आणि संचालक मंडळात एक. नागनाथराव मानद सचिव. मानद म्हणजे पगार नाही, आणि म्हणून, त्यांच्या मते, सुट्टीही नाही.

संस्थेच्या जुन्या नियमांत एक नियम होता: कर्जातून घेतलेल्या वस्तूची पदाधिकाऱ्याने पाहणी करावी. आधीचे सचिव दुकानाची पावती बघायचे आणि सही करून मोकळे व्हायचे. नागनाथराव स्वतः जायचे. पाहणी किती वेळा करावी हे नियमात लिहिलेलं नव्हतं. ही त्रुटी त्यांनी स्वतःच्या पायांनी भरून काढली.

पाहणी म्हणजे नुसतं पाहणं नव्हे. कुणी शिलाई मशिन घेतलं की हे पायजमा घेऊन हजर: "खालची शिवण उसवलीय, मारून द्या, मशिन कसं चालतंय ते कळेल." मिक्सर घेतला की शेंगदाण्याची चटणी करायला लावायचे, चाखायचे आणि जाडीभरडी निघाली तर मिक्सरला नव्हे, त्या घरातल्या बाईला धीर द्यायचे. कूलर घेतला की मेच्या टळटळीत दुपारी यायचे आणि त्याच्यासमोर सतरंजी टाकून घोरायचे. स्कूटर घेतली की मागे बसून बरकतपुऱ्यापर्यंत जाऊन यायचे. एकदा माझ्या शेजाऱ्याची स्कूटर वाटेत बंद पडली, तर नागनाथराव उतरून तिला ढकलायला लागले. शेजारी ओशाळून म्हणाला, "काका, तुम्ही कशाला?" तर म्हणाले, "कायकू म्हणजे? निम्मी माझी आहे."

खरी गंमत व्हायची ती वस्तू दिसत नसेल तेव्हा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी कर्ज घेतलेल्या एका आजोबांपुढे उभं राहून ते बोटं दाखवायचे. आजोबा तीन म्हणाले की चार दाखवायचे, चार म्हणाले की हात पाठीमागे लपवून विचारायचे, "आता किती?" आणि लग्नासाठी कर्ज दिलं तर? तर नागनाथराव नव्या नवरीच्या सासरी जायचे. हो, पाहणीला. अशाच एका मुलीच्या सासरी, दिलसुखनगरला, ते मला बरोबर घेऊन गेले. लाजेनं माझी मान वर होईना. सासूबाईंनी चहा पुढे केला. नागनाथरावांनी सुनेकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "बरी आहे. पण बारीक झालीय. शेरा मारावा लागेल."

"कसला शेरा?" सासूबाई घाबरल्या.

"संस्थेचा."

हा शेरा पुढे कुठे जातो, कोण वाचतं, हे सासूबाईंना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. पण पुढच्या महिन्यात आम्ही गेलो तेव्हा मुलीच्या गालांवर तजेला होता आणि सासूबाई दारातूनच सांगत सुटल्या, "रोज तूप वाढते हो मी. विचारा तिला, विचारा!" परत येताना बसमध्ये नागनाथराव एवढे खूष होते की कंडक्टरलाही त्यांनी ही हकिकत अर्ध्या तेलुगूत सांगितली.

बाजार खुला झाला म्हणजे नेमकं काय झालं हे मला वर्तमानपत्रातून कधी कळलं नाही. नागनाथरावांकडे बघून कळलं. पूर्वी वर्षाकाठी दोन शिलाई मशिनं आणि एखादी सायकल एवढंच त्यांच्या वाट्याला यायचं. आता रंगीत टीव्ही, कपडे धुण्याची मशिनं, टेलिफोन, गच्चीवरच्या डिशच्या छत्र्या! माणसाला एका आयुष्यात इतक्या वस्तूंची पाहणी झेपावी कशी? रविवारी सकाळी अंबरपेठेत इडली, दुपारी नल्लकुंट्यात जेवण आणि वामकुक्षी, संध्याकाळी कुणाच्या तरी नव्या टीव्हीवर क्रिकेट. रस्त्यानं चालताना ते गच्च्यांकडे बोट दाखवायचे: "ती छत्री आपली. ती पण. ती नाही, ती रोख घेतलेली." रोख हा शब्द ते सुतकी चेहऱ्यानं उच्चारायचे.

त्या वर्षी संस्था वाढली तशी कधी वाढली नव्हती. वार्षिक सभेत अहवाल वाचायला नागनाथराव उभे राहिले ते पांढराशुभ्र शर्ट घालून.

"सभासद बंधू-भगिनींनो, आकडे तिकडे टेबलावर ठेवलेत, ज्याला आकड्यांची हौस आहे त्यानं बघावेत. मी काम सांगतो. यंदा आपली संस्था नल्लकुंट्यात कपडे धुते आहे. अंबरपेठेत इडलीचं पीठ वाटते आहे. दिलसुखनगरात फोनवर बोलते आहे, जरा जास्तच बोलते आहे, मी बिल बघितलंय. आपल्या संस्थेला एका डोळ्यानं स्वच्छ दिसायला लागलं, दुसरा दिवाळीनंतर. आपल्या संस्थेच्या मुली सासरी सुखात आहेत. त्यातल्या एकीकडे मी पुढच्या आठवड्यात जाणार आहे. सासूबाईंना निरोप गेलेला आहे!"

लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. टाळ्या थांबेनात. मागे मिरची भजी तळायला घेतली होती, तो तळणारासुद्धा झारा हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला.

त्या टाळ्या विरल्यावर श्रीकांत उठला. श्रीकांत आमच्या मंडळातला सगळ्यात तरुण, कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी पुण्याहून आलेला. वाईट मुलगा नव्हे. त्याचं म्हणणं चुकीचंही नव्हतं.

"काकांबद्दल आदर आहेच," तो म्हणाला. "पण दिलसुखनगरची दुकानं आता उभ्या उभ्या हप्त्यावर टीव्ही देतायत. आपल्यालाही एका दिवसात कर्ज द्यायला हवं. ही पाहणी बंद करू या. आणि काका, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कुणी घरात येऊन आपला फ्रिज उघडलेला लोकांना आवडत नाही."

नागनाथरावांना राग आला नाही. त्यांनी चष्मा सावरून सभेकडे बघितलं. आपण कुठल्या घरचा तो फ्रिज उघडला असेल, हे ते आठवत असावेत.

"कुणाला आवडत नाही?" त्यांनी विचारलं. अगदी मनापासून, म्हणजे त्या घरी जाऊन माफी मागून यावी अशा सुरात.

सगळे भज्यांच्या वासाकडे तोंड करून बसले. मीही. मग हात वर करायची वेळ आली. मला मुळात अपराधी वाटायला फारसं काही लागत नाही. बसमध्ये बसायला जागा मिळाली तरी उभ्या माणसांची माफी मागावीशी वाटते. त्यात एकीकडे श्रीकांतचं खरं होतं आणि दुसरीकडे नागनाथराव माझ्याकडेच बघत होते. माझा हात कानापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. श्रीकांतनं तो मोजला. मी कान खाजवत होतो असं म्हणता आलं असतं, पण कानाला खाज येत नव्हती.

सचिव म्हणून निकाल सांगायचं काम नागनाथरावांचंच. त्यांनी तो खणखणीत आवाजात सांगितला. "ठराव मंजूर. आजपासून पाहणी बंद. भजी गरम आहेत, थांबून खाऊन जा सगळे."

पुढचे काही महिने संस्था आणखी जोरात चालली. सकाळी अर्ज, संध्याकाळी कर्ज. नागनाथराव गिरणीवरच्या खोलीत बसून सह्या करायचे आणि पीठ झटकायचे. आमच्याकडे रविवारी कुणी येईना. कुसुम दर रविवारी दहाच्या सुमाराला एकदा दाराकडे बघायची. शेवटी मी त्यांना म्हणालो, "नागनाथराव, या की घरी."

"कशाला?"

"असंच."

"असंच कसं येऊ, मास्तर? नियम गेला." आणि माझ्याच अंगावरचं पीठ झटकून दिलं.

हे ऐकून कुसुम माझ्यावर उखडली. म्हणाली, "हात वर करताना जोर होता. बोलवताना कुठे गेला?" मी तिला कानाची गोष्ट सांगायला गेलो, पण तिनं ऐकून घेतली नाही.

मग एका संध्याकाळी आम्ही दोघं दिलसुखनगरला कुकरचं रबर आणायला गेलो होतो. वाटेत विजेच्या सामानाचं एक मोठं झगमगीत दुकान लागतं. काचेतून कुसुमला ते दिसले. फ्रिजच्या लांबच लांब रांगेपुढे नागनाथराव उभे होते. एकाचं दार उघडायचे, आत बघायचे, हळूच लावायचे, पुढच्याकडे जायचे. आत काही नव्हतं. नुसते रिकामे पांढरे कप्पे, एकामागून एक.

आम्ही आत शिरलो तेव्हा दुकानातला विक्रेता त्यांना विचारत होता, "क्या होना, साब?"

"कुछ नक्को. देख रऊं."

"कल भी देखे, परसों भी देखे. लेना है तो बोलो ना, हप्ते पे देतूं."

"घर में एक आदमी," नागनाथराव म्हणाले, "उसको कितना ठंडा होना?"

कुसुमनं मला मागे सारलं आणि पुढे गेली. "काका, चला. आज आमच्याकडे जेवायला."

ते दचकले. दार पटकन लावलं, जणू छापा त्यांच्यावरच पडला होता. "कुसुमताई! तुम्ही इकडं? काय घेतलं नवीन?"

"काही घेतलं नाही. जेवायला चला."

"आणि बघायचं काय?"

"काही बघायचं नाही."

नागनाथराव माझ्याकडे बघायला लागले, मग पुन्हा कुसुमकडे. वजनमापे खात्यातला तो दणकट माणूस शाळेच्या पहिल्या दिवसाच्या पोरासारखा दिसत होता.

"मग तिथं बसून," त्यांनी हळू विचारलं, "करायचं काय असतं?"

कुसुमनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि चालायला लागली, म्हणून त्यांना यावंच लागलं.

घरी ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले. हात गुडघ्यांवर. मी पंख्याविषयी, पाण्याच्या टंचाईविषयी काहीबाही बोललो. ते "हौ, हौ" म्हणत राहिले. विषय संपले. तेव्हा कुसुम आतून अंबाडीची भली मोठी जुडी आणि एक ताट घेऊन आली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"काका, एवढी निवडून द्या. तुमचे मास्तर देठं पण टाकतात भाजीत."

नागनाथराव खुर्चीवरून उतरून खाली मांडी घालून बसले. एकेक पान खुडून ते ताटात ठेवायला लागले, उलटं करून किडीसाठी बघून, मगच ठेवायचे. कुसुम समोर लसूण सोलत बसली. ताटात पानांचा ढीग वाढत गेला.

"आमची मंडळी ह्याला गोंगुरा म्हणायची," ते एकदम म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या बायकोविषयी आम्ही ऐकलेला हा पहिला शब्द. "शेजारणींकडून शिकली. घर भरलेलं असायचं तेव्हा आमचं. सगळे तिच्याकडं यायचे. मी नुसतं दार उघडायचो."

कुसुमनं लसणाची पाकळी सोलायची थांबवली. "त्या कशा करायच्या? तेलुगू पद्धतीनं?"

"लाल मिरची घालून, दगडी खलात कुटून. मला येतं."

"मग पुढच्या रविवारी तुम्हीच करा."

त्यांनी हातातलं पान उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं.

"मिरची गुंटूरची लागेल," ते म्हणाले. "मी घेऊन येतो."