पोलादी कड्यातून चंद्रभानराव सुटले त्याची हकीकत

कुलस्वामिनीचे स्मरण करोन, नागपूर शहरी गणेशपेठेत, शके एकोणीसशे पाच, वैशाख शुद्ध दशमी, रविवारी, दोन प्रहरी जो बाका प्रसंग गुदरला तो जैसा घडला तैसा लिहितो. पदरचे घालीत नाही. विषय नाजूक खरा, परंतु गड डोंगरावर असो की लुंगीआड, वेढा पडला म्हणजे बखर लिहिणे आले.

राजमान्य राजश्री चंद्रभानराव, वय पंचेचाळीस, कळमेश्वरच्या कारखान्यात लेथवरील टर्नर, हात ऐसा पक्का की केसाएवढा फरक नजरेने टिपावा. त्यांच्या पत्नी सकलसौभाग्यसंपन्न सत्यवतीबाई, वय बेचाळीस. लग्नास एकवीस वर्षे जाहली होती. मागले मार्गशीर्षी सीताबर्डीच्या पदपथावर रावांस एक विलायती मासिक गवसले, त्यात पुरुषाच्या गुह्यांगास घालावयाच्या संयमकुलपाचे चित्र होते, म्हणजे मागे एक कडे, पुढे लहानसा पिंजरा, वर कुलूप, आणि किल्ली पत्नीचे हाती. मग ते मासिक उभयतांनी दार लावोन वाचले, आणि हसले, आणि पुन्हा वाचले, आणि मग उभयतांस हौस उपजली.

खलबत होऊन तह ठरला. किल्ली बाईंच्या कमरेच्या बटव्यात राहावी, मुदत चार दिवसांची असावी, आणि बाईंनी एकच कलम आपले तोंडे घातले: "दुखून राहिलं तर त्याच घटकेले सांगा लागन." कारण ऐसे की, तीन वर्षांमागे रावांचे अपेंडिक्स सुजले असता राव चकार शब्द न काढिता पाच दिवस लेथ चालवीत राहिले, मग ते आत फुटले, आणि बाईंनी इस्पितळाच्या बाकावर अकरा दिवस काढिले. रावांनी कलम मान्य केले. मान्य करण्यास त्यांचे काय जाते?

मग रावांनी मार्गशीर्षातील पहाटे, थंडीने दात वाजत असता, स्वदेहाचे माप घेतले, आणि कारखान्याच्या फुरसतीत तसूतसू करोन कडे कातले, आणि नेमके मापास माप ठेविले, आणि ते आरशागत चकचकीत केले. येथेच मसलत फसली. पोलादास माप एक असते. देहास थंडीचे निराळे आणि वैशाखाचे निराळे, हे एवढ्या जाणत्या कारागिराचे ध्यानी आले नाही. शुक्रवारी कुलूप चढले, तेव्हा पारा शेहेचाळिसावर होता.

रविवारी दोन प्रहरी बाईंचे वडील बंधू गणपतराव भिवापुराहून मिरच्यांचे पोते घेऊन डेरेदाखल जाहले. बाई पुढील खोलीत मिरच्यांचे देठ खुडीत बसल्या, आणि गणपतराव कूलरसमोर मुक्काम करोन पिकाच्या गोष्टी सांगू लागले, आणि सकाळपासोन काच सोशीत असलेले चंद्रभानराव खुर्चीवर कधी या कुशीस तर कधी त्या कुशीस होऊ लागले. मग राव मोरीत गेले आणि पाणी ओतोन आले. मग पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेस पाहतात तो अवघा मुलूख सुजलेला, रंग जांभळट, आणि बोट लाविले तरी खबर पोचत नाही. तरी परत येऊन बसले आणि पिकाची चौकशी केली.

आम्ही आजवर बहुतांच्या हकीकती लिहिल्या, आणि जो बोलला नाही त्यास शूर म्हणत आलो. त्या दिवशी आमचीच लेखणी अडखळली. कारण मेव्हण्यासमक्ष, भरल्या दरबारी, रावांनी तोंड उघडिले.

"दुखून राहिलं वं."

"कुठं जी, जावईबापू? पोटात काय? ओवा घ्या न थोडा," गणपतराव म्हणाले. ते स्थळ दरबारात सांगण्याजोगे नव्हते.

बाई ताडकन उठल्या. हात बटव्याकडे गेला आणि जागीच थांबला, कारण दोन्ही तळवे भिवापुरी तिखटाने लाल जाहले होते. रावांनी डोळ्यांनी घाई केली. बाईंनी हुकूम केला: "थांबा जी! हे हात घेऊन येऊ काय?" आणि बंधूंस बर्फ आणण्याचे निमित्ते कोपऱ्यावर रवाना केले, आणि हात आधी तेलाने चोळिले, मग साबणाने धुतले, मग पुन्हा धुतले. मग आतल्या खोलीचे दार लावोन कुलूप उघडिले. पिंजरा निघाला, कडे निघेना. राव ओढावयास धावले, तो बाईंनी मनगट धरिले. निजविले, गार पाण्याची घडी ठेविली, सूज ओसरू दिली, साबणाचा फेस लाविला, आणि मग कडे हलके हलके फिरवीत बाहेर काढिले. पंधरा मिनिटांत रंग न परतल्यास रिक्षा करोन इस्पितळ गाठावे आणि डॉक्टरास लाज न धरिता खरे सांगावे, ऐसेही फर्माविले. बाराव्या मिनिटास रंग परतला.

तेव्हा बाईंस रडू फुटले. "काहून जी नाही सांगितलं सकाळीच?"

"मले वाटलं, हरलो म्हणशीन."

"मी त्या बाकावर अकरा दिवस हरलीच होती नं!"

इतक्यात गणपतराव बर्फ घेऊन पातले, त्यांस पोट शमल्याचे कळविले, आणि तो बर्फ पन्ह्यात कामी आला.

त्याउपर नवा तह जाहला. माप थंडीत न घेता वेगवेगळ्या प्रहरी घ्यावे, कडे सैल ऐसे की करंगळी आत फिरावी, कडा घासोन गोल कराव्या, प्रथम तासाभरापासोन सुरुवात करावी, रोज उघडोन धुवावे आणि कोरडे करावे, बधिरपणा वा गारठा वाटता क्षणी काढावे, आणि दुसरी किल्ली रावांपाशीच असावी. उभयतांनी हसत मान्य केले.

परंतु फत्ते जाहली ती त्या दिवशी नव्हे. वैशाख वद्य तृतीयेस, सोमवारी सकाळी, राव डबा घेऊन कारखान्यास निघाले, फाटकापर्यंत गेले, उभे राहिले, आणि कोणी न विचारिता परत आले.

"दाढ दुखून राहिली वं," म्हणाले, "परवापासून."

बाईंनी हातातील डबा काढोन घेतला आणि पायांत चपला घातल्या. तोच दिवस फत्तेचा म्हणोन येथे लिहिला असे.