आईची सवड : नव्वद दिवस

काळ कुणासाठी थांबत नाही, म्हणून त्याला भिंतीवर टांगावे लागते. पाण्याच्या टाकीच्या बांधकामावरचे साहेब हे तत्त्व जाणून होते. त्यांनी एका तक्त्यावर टाकीच्या एकशे बारा कामांच्या एकशे बारा चौकटी आखल्या. पायाचा हात खांबाला, खांबाचा हात झाकणाला, असा बाणांनी फेर धरायला लावला. ज्या वाटेने सर्वांत जास्त दिवस लागत होते, ती वाट लाल रंगवली. लाल काम एक दिवस रखडले की टाकी एक दिवस रखडणार. बाकीच्या कामांना 'सवड'. म्हणजे तितके दिवस ती रेंगाळली तरी कुणाचे काही बिघडत नाही. निर्णय घेणे किती सोपे झाले! लालकडे धावायचे, सवडवाल्याकडे बघून हसायचे.

तक्त्याचे यश वादातीत होते. पहिल्याच महिन्यात सत्त्याहत्तर टक्के निर्णय साहेबांनी नुसते बोट दाखवून घेतले. (उरलेले तेवीस टक्के जेवायला कधी उठायचे, याविषयी होते.) गवंडी लाल, म्हणून त्याला साहेबांच्या खोलीत खुर्ची मिळाली. रंगारी सवडीत, म्हणून तो दाराबाहेरच्या बाकावर.

साहेब इतके शिस्तीचे, की घरही त्यांनी तक्त्यावर घेतले. 'आईचा मोतीबिंदू' ही एकशे तेरावी चौकट. काम : एक दिवस. सवड : नव्वद दिवस. आई बांधकामापासून तिसऱ्या गल्लीत राहायची. (अंतराला तक्त्यात रकाना नाही.)

एकदा तिचा फोन आला.

"अरे, सोबत कुणीतरी हवं म्हणतात. कधी येतोस?"

"आई, तुझ्याकडे अजून एकसष्ट दिवस आहेत."

"अगं बाई! डॉक्टर म्हणाले?"

"नाही गं, तक्ता म्हणतो."

"मग तक्त्यालाच पाठव सोबत. काल सुईत दोरा ओवताना बोटच ओवलं असतं मी. लाल व्हायला काय करावं लागतं रे?"

साहेबांना तिची जिज्ञासा आवडली. "कुणाचं तरी पुढचं काम तुझ्यावाचून अडायला हवं."

"माझ्यावाचून आता काय अडायचंय, बाळा."

साहेबांनी नोंद केली : पुढे बाण नाही.

नव्वदाव्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, एका दिवसाची रजा टाकून साहेब तिसऱ्या गल्लीत हजर झाले. तक्त्याची घडी बगलेत. आई दारात बसून मेथीच्या दाण्यांसारखे बारीक मणी दोऱ्यात ओवत होती.

"झालं की कधीच! तुझ्या त्या रंगाऱ्याने नेलं. बाकावर बसून तुझा फोन ऐकला म्हणे. म्हणाला, मावशी, मला काय, सवडच सवड."

साहेबांना समाधान वाटले. काम पूर्ण, साहेबांचे दिवस : शून्य. इतकी काटकसर तर पुस्तकातही नसते. त्यांनी अभिमानाने तक्ता उलगडला. आईने नव्या डोळ्याने तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत वाचला.

"एवढ्या चौकटींत तुझी कुठली रे?"

साहेब शोधू लागले. खांबाला पाया हवा होता, झाकणाला खांब, रंगाला झाकण. एकशे तेरा चौकटींपैकी एकीचाही बाण साहेबांसाठी थांबलेला नव्हता. पद्धतीच्या नियमाप्रमाणे अशा माणसाची सवड अमर्याद असते.

वाचकहो, इथवर यायला आपणास सुमारे तीन मिनिटे लागली. ज्या अर्थी एवढ्या वेळात आपणास कुणी हाक मारली नाही, त्या अर्थी आपलीही चौकट एकदा शोधून ठेवावी. सवडीने.