गोपाळची दृष्ट

टीव्हीची दृष्ट काढणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या दोन्ही मुठींत घट्ट धरून ती भल्यामोठ्या पडद्यासमोर उभी राहते आणि वरून खाली हात फिरवत पुटपुटते, "आल्यागेल्याची, रेफ्रीची, समोरच्या गोलकीपरची, पेपरात लिहिणाऱ्यांची, कोणाकोणाची लागली असेल माझ्या गोपाळला, ती जाऊ दे." पडद्यावर त्या वेळी स्पेनमधल्या एका मैदानात बावीस माणसं धावत असतात. त्यातला नऊ नंबरचा म्हणजे गोपाळ.

या बाई म्हणजे आमच्या शकू मावशी. अमेरिकेत, बॉथेलमध्ये, आम्ही राहतो त्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर. मूळच्या नागपूरच्या. तिथल्या शाळेत भूगोल शिकवायच्या. लेकीला, म्हणजे मंजिरीला, बाळ झालं तेव्हा सहा महिन्यांसाठी म्हणून आल्या आणि नात कॉलेजला गेली तरी इथंच आहेत.

गोपाळची आणि माझी ओळख झाली तीच मुळी गैरसमजातून. नवीन राहायला आलो होतो. खाली पत्रांच्या पेट्यांपाशी मावशी भेटल्या. चेहरा उतरलेला. मी विचारलं, "काय झालं मावशी?"

"काय सांगू बापा. गोपाळच्या गुडघ्यात पाणी झालं. तीन आठवडे बसवून ठेवला त्याला."

"अरे अरे. कोणते डॉक्टर बघतात?"

"क्लबचे."

क्लबचे डॉक्टर म्हणजे मुलगा बडी असामी असणार, असं मी घरी येऊन सांगितलं. माझी बायको प्राची हळवी. तिनं एडिसन गावच्या मावसबहिणीकडून डिंक मागवला आणि गोपाळच्या गुडघ्यासाठी डबाभर लाडू करून वर पाठवले. मावशींनी डबा घेतला, डोळे पुसले, एक लाडू टीव्हीसमोर ठेवला आणि बाकीचे स्वतः खाल्ले. पुढच्या आठवड्यात गोपाळ दोन गोल मारून मोकळा झाला. मावशी खाली येऊन म्हणाल्या, "प्राची, गुण आला गं तुझ्या डिंकाला!" तेव्हा कुठं आम्हाला कळलं की गोपाळ हा स्पेनचा नामांकित स्ट्रायकर आहे आणि त्याला बॉथेलची माहितीसुद्धा नाही.

त्याचं खरं नाव साऱ्या जगाला ठाऊक आहे. पण मावशी ते घेत नाहीत आणि कोणाला घेऊही देत नाहीत. नाव घेतलं की नजर लागते. म्हणून मीही ते इथं लिहीत नाही, कारण मावशी हे वाचणार आणि पुढच्या दिवाळीला मला करंज्या मिळणार नाहीत. गोपाळच का, असं मी विचारलं होतं. "पायात चेंडू आहे, मागं दहा गवळी धावून राहिले, केसांत पट्टा आहे. मोरपीस तेवढं खोचायचं राहिलं," असं उत्तर मिळालं.

त्याची सगळी कारकीर्द मावशींना तोंडपाठ आहे, पण ती त्या खेळाडूची म्हणून सांगत नाहीत, घरच्या पोराची म्हणून सांगतात. "लहानपणी फार हडकुळा होता. मोठ्या क्लबनं पाहिला नि परत धाडून दिला. बाप बस चालवायचा त्याचा. आईनं सांगितलं, जेव आधी, मग रड. मग एका लहानशा गावच्या टीमनं घेतला. ते त्याचं माहेर." पुढं त्याच मोठ्या क्लबनं त्याला पैसे मोजून नेलं, ते सासर. कधी माहेरच्या टीमविरुद्ध गोल मारला तर तो नाचत नाही, हात जोडून माफी मागतो. फुटबॉलमध्ये असं करणारे बरेच आहेत म्हणे, पण मावशींच्या मते हे फक्त गोपाळलाच सुचलं. "संस्कार म्हणतात याला, अभय. शिका जरा."

मी पुण्याचा. मला कोणी काही शिका म्हटलं की अंगावर काटा येतो. पण मावशींपुढं माझी मात्रा चालत नाही. ऑफसाइड मला आयुष्यात कळलं नव्हतं. मावशींनी एका वाक्यात समजावलं: "पंगतीत वाढपी यायच्या आधी जाऊन बसायचं नाही, समजलं?" समजलं. कॉमेंटरी त्या स्पॅनिशच लावतात. इंग्रजीवाले शोकसभेत बोलल्यासारखे बोलतात म्हणे.

स्पेनमध्ये संध्याकाळ असते तेव्हा आमच्याकडे सकाळ असते. त्यामुळे शनिवार-रविवार न्याहारीच्या वेळेला मावशींकडे मॅच. मंजिरी आणि जावईबापू त्या वेळी भाजीबाजाराला पळतात. उरलो आम्ही दोघं. नियम कडक. गोल झाला तेव्हा जो जिथं असेल त्यानं मॅच संपेपर्यंत तिथंच राहायचं. एकदा मी बाथरूममध्ये असताना गोपाळनं गोल मारला. मी बाहेर यायला निघालो तर मावशी ओरडल्या, "हलू नकोस! जागा लाभून राहिली!" उरलेली मॅच मी टबाच्या काठावर बसून ऐकली. दुसरा गोल झाला, हेही सांगायला हवं. मग पुढच्या शनिवारी मला सरळ तिकडेच पाठवण्यात आलं, उशी आणि पोह्यांची बशी देऊन.

आणि फोन. घरातले सगळे फोन मॅचच्या आधी तांदळाच्या डब्यात जातात. टीव्हीवर गोल दिसायच्या आधी फोन तो सांगून टाकतो, आणि मावशींना अगोदर कळलेला गोल आवडत नाही. डबा उघडतो फक्त मध्यंतराला. तेव्हा मावशी आपला फोन काढतात आणि ईशाला लावतात.

ईशा म्हणजे नात. बॉस्टनला शिकते. शाळेत असताना ती फुटबॉल खेळायची, आणि मावशी थंडीत घोंगडी पांघरून मैदानाच्या कडेला उभ्या राहायच्या. या खेळाचा नाद तिनंच लावला. मावशी मराठीत बोलतात, ती इंग्रजीत. "डाव्या बाजूनं का नाही येऊन राहिला तो?" "बिकॉज देअर फुलबॅक इज फास्ट, आजी." अशी पंधरा मिनिटं. मग डब्यात फोन परत.

गेल्या वसंतात बातमी आली. गोपाळ थांबणार. वय झालं, गुडघा ऐकेना. त्याच्या क्लबसाठी सर्वांत जास्त गोल मारण्याच्या जुन्या विक्रमाशी त्यानं बरोबरी केली होती. आणखी एक गोल हवा होता आणि मॅच उरली होती शेवटची.

मी वर गेलो तर मावशी मटार सोलत बसल्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, विक्रम होणार बघा."

"होईल रे," त्या म्हणाल्या. मग मूठभर मटार पातेल्यात टाकले. "अभय, तो थांबला की ईशू मला फोनवर काय सांगेल? जेवलीस का, जेवले. थंडी आहे का, आहे. बाय आजी. ती बॉस्टनला गेली त्या पहिल्या वर्षी असंच होतं, मग मध्यंतराचे फोन सुरू झाले. गोपाळ होता म्हणून पोरगी बोलून राहिली माझ्याशी."

मीही चार मटार सोलले आणि खाली आलो.

शेवटची मॅच रविवारी सकाळी होती. प्राचीसुद्धा आली. मावशींनी साडीवर नऊ नंबरची जर्सी चढवली होती. मध्यंतरापर्यंत गोल नाही, आणि गोपाळ बाकावर. ईशाशी पंधरा मिनिटं नुसता प्रशिक्षकाचा उद्धार झाला. उत्तरार्धात उशिरा कधीतरी तो मैदानात आला. सारं स्टेडियम उभं राहिलं. मावशी आधीच उभ्या होत्या. मिनिटं सरत चालली आणि अगदी शेवटी गोपाळला कोणीतरी गोलसमोर पाडलं. पेनल्टी! पण रेफ्री मैदानाच्या कडेला ठेवलेल्या पडद्यावर ते पुन्हा पाहायला गेला.

"तो वेळ घेऊन राहिला, तोवर मी दृष्ट काढून घेते," म्हणत मावशी स्वयंपाकघरात धावल्या.

दृष्ट काढलेल्या मिरच्या जाळायच्या त्या बाल्कनीतल्या ग्रिलवर, घरात नाही, असं वचन जावईबापूंनी त्यांच्याकडून घेतलं होतं. पण ग्रिल पेटेपर्यंत मॅच संपली असती. मावशींनी टीव्हीवरून हात फिरवला आणि सगळा ऐवज तापल्या तव्यावर टाकला.

नजर लागली असेल तर मिरचीचा ठसका लागत नाही, असं म्हणतात. इथं असा ठसका उठला की तिघांचे डोळे फुटायची वेळ. मावशी खोकत, रडत, आनंदानं नाचायला लागल्या. "लागलीच नव्हती! नजर लागलीच नव्हती त्याला! मारणार तो! अगं माय, दार उघडा कोणी!"

प्राचीनं दार उघडलं. धूर कॉरिडॉरमध्ये गेला आणि साऱ्या बिल्डिंगचा फायर अलार्म कोकलायला लागला.

आमच्याकडे नियम असा की अलार्म झाला की खाली. मावशी टीव्ही सोडायला तयार नव्हत्या. रेफ्री परत येत होता, बोट पेनल्टीच्या जागेकडे होतं, आणि आम्ही दोघं मावशींना दोन्ही दंडांना धरून जिना उतरवत होतो. पार्किंगमध्ये सगळी बिल्डिंग जमा. कोणी कुत्रं घेऊन, कोणी टॉवेलवर. फोन आमचे तांदळात. बंब आला. त्यातून उतरलेल्या धिप्पाड जवानानं विचारलं, काय शिजवत होता?

"नॉट कुकिंग," मावशी म्हणाल्या. "ट्रीटमेंट. फॉर गोपाळ."

जवान चमकला. "इज गोपाळ स्टिल इनसाइड?"

मावशींचे डोळे अजून मिरचीनं वाहत होते. जवानाला ते रडणं वाटलं. त्यानं मागच्यांना हाक मारली, दोघं मुखवटे चढवून जिन्याकडे पळाले.

"नो, नो!" मावशी ओरडल्या. "ही इज इन स्पेन! टेकिंग पेनल्टी!"

पुढची पाच मिनिटं मी त्या जवानाला आपली संस्कृती समजावत होतो. दृष्ट, मिरची, गोपाळ, नऊ नंबर. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि शेवटी एवढंच विचारलं, "डिड ही स्कोअर?" तेच तर कोणाला ठाऊक नव्हतं. मी आणि प्राची पोट धरून हसत होतो. मावशी मात्र वरच्या आपल्या खिडकीकडे बघत उभ्या.

वर जायला परवानगी मिळाली तेव्हा मॅच संपली होती. गोपाळ खेळाडूंच्या खांद्यावर होता आणि लहान मुलासारखा रडत होता. झाला होता विक्रम. इतकी वर्षं ज्याचा एक गोल चुकवला नाही, त्याचा शेवटचा गोल मावशींनी पार्किंगमध्ये घालवला होता. माझं हसू पळालं. मला फार वाईट वाटलं. मी रिमोट घेतला. "मावशी, बसा. मागं नेऊन दाखवतो."

तेवढ्यात तांदळाच्या डब्यातून फोन गुरगुरायला लागला. ईशा. मावशींनी तांदळासकट फोन उचलला. स्पीकर चालू झाला तेही त्यांना कळलं नाही.

"आजी! डिड यू सी दॅट?"

"नाही गं ईशू. आम्ही सगळे खाली उभे होतो. पाहिलाच नाही मी."

"व्हॉट? यू मिस्ड इट? ओके, ओके, लिसन..."

"मराठीत सांग. त्या भोंग्यानं कान बसून राहिले माझे."

मग ती पोरगी अडखळत सुरू झाली. "तो... तो बॉल ठेवला. मग बॅक चालला. एकदम हळू. आजी, आय स्वेअर, माझं हार्ट... मग गोलकीपर असा मोठा उडी मारला, आणि गोपाळ ना, जोरात नाही मारला. सॉफ्ट. आजी, इतका सॉफ्ट."

मावशी खाली जमिनीवरच बसल्या, डोळे मिटून. मी रिमोट ठेवून दिला. प्राचीनं मला खुणावलं, आम्ही तवा बाल्कनीत ठेवला आणि दार हळूच ओढून घेतलं. तासाभरानं मी वरचा कानोसा घेतला, तर बोलणं चालूच होतं.

त्यानंतर दीड-दोन महिने गेले. एका रविवारी मी कढीपत्ता द्यायला वर गेलो. दार नुसतं लोटलेलं. टीव्हीवर तीच पेनल्टी चालली होती. मावशी पाठमोऱ्या, पडद्याच्या अगदी जवळ. गोपाळ मागं सरायच्या आत त्या म्हणाल्या, "आता थांबेल." तो थांबला. "आता गोलकीपर उजवीकडे." तो उजवीकडे पडला. मावशींना पापणीची उघडझापसुद्धा पाठ झाली होती.

फोन वाजला. त्यांनी झटकन टीव्ही बंद केला.

"बोल ईशू. नाही गं, अजून कुठून पाहायला मिळाला! मला नाही सापडून राहिला तो व्हिडिओ. मंजिरीला वेळ नाही, अभयला काही समजत नाही."

मी दारातच उभा होतो. त्यांनी वळून मला पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि खुर्ची दाखवली. मी कढीपत्ता हातात धरून गुपचूप बसलो.

"सांग ना परत," मावशी म्हणाल्या. "हो, बॉल ठेवला, मग?... हळू?... अगं माय! मग गोलकीपर कोणीकडे गेला?"