चंद्राला हळदकुंकू

विज्ञानकादंबऱ्यांचा माझ्याइतका शिस्तीचा वाचक अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या बेलव्ह्यूत दुसरा नाही, असं शहाऐंशी साली मी छातीठोकपणे सांगत असे! बाहेर पाऊस भुरभुरायचा आणि आत मी आरामखुर्चीत. एक पान उलटलं की मंगळावर, दुसरं उलटलं की शनीच्या कड्यांपाशी. बायको, पद्मजा, स्वयंपाकघरातून ओरडायची, "शेखर, पोळी गार होतेय!" पण शनीवरून परतायला वेळ लागतोच ना!

लोक घरचं जुनं सामान विकायला काढतात त्या गराज सेलमधून, जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून जमवलेल्या पहिल्या आवृत्त्या मी भिंतभर लावल्या होत्या. आता एकच स्वप्न उरलं होतं, सिएटलच्या संग्राहकांच्या क्लबात शिरायचं. तिथे एकच जागा रिकामी झाली होती आणि क्लबचे अध्यक्ष मिस्टर व्हिटकर रविवारी माझा संग्रह पाहायला येणार होते. हे गृहस्थ जुनं पुस्तक उघडताना श्वाससुद्धा रोखून धरतात म्हणे!

तो रविवार नेमका दसऱ्याचा निघाला. नागपूरहून आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. मी सकाळी केक आणायला गेलो आणि परत येऊन पाहतो तर काय! सगळ्या पुस्तकांना हळदकुंकू! तेही ओल्या बोटांनी!

"आई! हे काय केलंस?"

"अरे, दसऱ्याला पुस्तकांची पूजा नको? एवढी विद्या घरात आणि तिला साध्या अक्षता नाहीत!"

"पद्मजा, तू स्टॉप नाही केलंस?"

"हळद मीच कालवून दिली. मला वाटलं, तुला आवडेल यार!"

माझ्या सगळ्यात लाडक्या कादंबरीच्या वेष्टनावर रुपेरी चंद्र होता. त्याच्या बरोब्बर मधोमध हळदीचं बोट! मला रडूच फुटायचं बाकी होतं. पुस्तक उचलून मी बाथरूममध्ये पळालो आणि साबणाच्या फेसाने ते बोट हलकेच पुसलं. हळदीला साबण लागला की काय होतं, हे केमिस्ट्रीत पीएचडी केलेल्या माणसाला ठाऊक असायला हवं! चंद्र लालभडक! माझी बोटंही लालभडक! क्षणभर मी बघतच राहिलो. इतका सुंदर चंद्र मी कुठल्याच कादंबरीत पाहिला नव्हता. तेवढ्यात बेल वाजली.

दार पद्मजाने उघडलं. व्हिटकरसाहेब थेट कपाटासमोर जाऊन थबकले. पुस्तकापुस्तकावर फूल, उदबत्तीचा मंद धूर. त्यांनी हात पुढे केला, तोच आई कडाडली, "थांबा! आज पूजेतल्या पुस्तकांना हात लावायचा नाही. उद्या!"

पद्मजाने इमानेइतबारे भाषांतर केलं.

साहेबांनी हॅट काढली. "नोबडी टचेस देम?"

"नोबडी."

"नॉट इव्हन युअर हजबंड?"

"नेव्हर!"

आणि नेमका मी बाथरूममधून बाहेर आलो, हातात पुस्तक आणि लाल बोटं घेऊन! सगळे माझ्या बोटांकडे पाहू लागले. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"शेखर! पूजेतलं पुस्तक उचललंस?" आईने कपाळाला हात लावला.

व्हिटकरसाहेबांचे डोळे भरून आले होते. "मॅडम," ते आईला म्हणाले, "माझं सगळं आयुष्य लोकांना हेच सांगण्यात गेलं, पुस्तकांना हात लावू नका. कोणी ऐकत नाही!" हेही पद्मजाने आईला सांगितलं. आपट्याची पानं नव्हती, म्हणून आईने अंगणातलं मेपलचं पिवळं पान त्यांच्या हातावर ठेवलं. ते सोनं त्यांनी कोटाच्या खिशात जपून ठेवलं आणि क्लबातली रिकामी जागा तिथल्या तिथे देऊन टाकली. आईला!

जिला इंग्रजीत 'थँक्यू'च्या पुढे काही येत नाही, त्या माझ्या आईला! दुभाषी म्हणून पद्मजालाही आत प्रवेश. मीटिंगला दोघींना सोडायचं काम माझं. बिगरसभासदांना आत मज्जाव, म्हणून मी गाडीतच बसायचो. पावसाने धूसर झालेल्या काचेतून क्लबच्या उजळलेल्या खिडक्या पाहताना वाटायचं, हे यान आता उडणार, आणि मी तेवढा पृथ्वीवर राहणार. फार वाईट वाटायचं हो!

एकदा आई गाडीत बसता बसता म्हणाली, "तुझ्यासाठी शब्द टाकला रे मी आज."

मी ताडकन सरळ बसलो. "मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, आधी त्याला हात धुवून यायला सांगा. आणि साबण लावू नको म्हणावं!"