साहेबांचा हिरवा दिवा

"आज संध्याकाळी संचालक होऊनच घरी येतो!" साहेबांनी बूट घालता घालता जाहीर केलं.

"येताना दूध आणा, संचालकसाहेब," बायको आतून म्हणाली.

देशाचा कार्बन शून्यावर आणायचं काम कुठवर आलं, हे दरवर्षी मंत्र्यांना सांगायचं, ही साहेबांची नोकरी. यंदा नुसतं सांगायचं नाही, दाखवायचंच, म्हणून त्यांनी एक यंत्र पैदा केलं होतं. हवेत कार्बन कमी असला की हिरवा दिवा, वाढला की पिवळा, मग लाल, आणि फारच झाला की बोंब!

"सर, हे खोलीतली हवा मोजतं, देशाची नाही," शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या.

"खोली काय देशाबाहेर आहे?"

बाईंनी पुन्हा फायलीत डोकं घातलं.

रिकाम्या सभागृहात दिवा हिरवागार. रस्त्यावरचा धूर आत नको म्हणून साहेबांनी खिडक्या लावल्या, वर फटींना चिकटपट्टी मारली! मग मंत्री आले, पाठोपाठ अख्खं खातं आलं. चपला-बूट बाहेर ठेवा म्हटलं तर ठेवले असते. श्वास कोण बाहेर ठेवणार?

"देशाची घोडदौड चालू आहे!" साहेब गरजले. दिवा पिवळा.

"उत्सर्जन धाडधाड घटतंय!" लाल.

साहेबांनी आवाज चढवला. यंत्रानंही चढवला. आता खुर्ची जाते की काय! साहेब किंचाळले, "झाडं आणा!"

आठ दांडगे गडी कुंड्या उचलून धापा टाकत आत आले. यंत्र कोकलायलाच लागलं!

"अहो, झाडं आली आणि वाढला?" मंत्र्यांनी विचारलं.

"नवीन आहेत, सर. अजून कामावर रुजू व्हायची आहेत."

घामाघूम मंत्र्यांनी स्वतः उठून चिकटपट्टी ओरबाडली, खिडक्या सताड उघडल्या. "सगळे बाहेर व्हा! आणि तुम्ही बसा. तोंड मिटून!"

साहेब बसले. लाल... पिवळा... हिरवा! दारातून टाळ्यांचा कडकडाट!

"संचालक कोण ते बघू नंतर," मंत्री म्हणाले. "पण पुढच्या वर्षीही हेच करा. बसून!"

संध्याकाळी साहेबांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर दूध ठेवलं, शेजारी यंत्र. गॅस पेटलेला होता. त्यांनी गाऱ्हाणं सांगायला तोंड उघडायला आणि दिवा पिवळा व्हायला एकच गाठ पडली.

बायकोनं दिव्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"लग्न झाल्यापासून हेच सांगतेय मी," ती म्हणाली. "माझ्याकडे दिवा नव्हता, एवढंच!"