रहाटनाईक धाकोजी याने मुगाएवढी गोळी कबूल केली ती हकीकत

॥ श्री ॥ कडा राखणारी आणि दोर राखणारी जी गडावरील देवी, तिचे पाय आठवून, आणि खोटे लिहू तर हा हातच झडो ऐसे म्हणोन लिहिण्यास बसलो. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सर. संवत्सराने नाव राखिले, दुसरे काय!

त्या राज्यात एक गड होता. गडास वाट ऐसी नाही. शेवटची साठ हात उंची निव्वळ ताशीव कातळ, म्हणोन माथ्यावर लाकडी रहाट बसविला होता, आणि त्यास मनगटाएवढा दोर, आणि दोरास पाळणा. धान्य, शेळी, माणूस, जे गडावर यावयाचे ते पाळण्यात बसूनच यावयाचे. रहाट नऊ गडी फिरवीत, आणि दहावा रवळोजी म्हणोन होता तो अडणा धरी, म्हणजे चाकाच्या दात्यात लाकडी दांडा घालून चाक रोखी, आणि या सर्वांवर रहाटनाईक धाकोजी. धाकोजी कड्यावर पालथा पडून खाली पाही आणि "ओढा" म्हणे, "धर" म्हणे. नाईकाची हाक आणि रवळोजीचा हात यांच्यामध्ये पाळण्यातल्यांचा जीव टांगलेला असे. तो चैत्रात एक दिवस गडी मोहाची पिऊन रहाटावर आले, आणि हात सुटला, आणि दोन माणसे आणि बारा पोती नाचणी तळाशी गेली. ही खबर हुजूर पोहोचली, तेव्हा खावंदांनी बहुत संताप केला आणि कारभाऱ्यांनी हुकूम लिहिला की, रोज सकाळी नाईकाने प्रत्येक गड्याचे तोंड हुंगावे; ज्याच्या तोंडास वास येईल त्याचा त्याच कड्यावरून कडेलोट व्हावा.

मग धाकोजी हुंगू लागला. कांदा वर्ज्य केला, लसूण वर्ज्य केली, आणि दहा तोंडांपुढे रोज नाक धरू लागला. गडावरील बायका हसत, "हुंग्या नाईक आला गं, तोंड झाका!" ही थट्टा आठच दिवस चालली. नवव्या दिवशी येल्या म्हणोन एक गडी होता, भावाच्या लग्नाहून आलेला, त्याच्या तोंडापुढे नाईक थबकला आणि एकच शब्द बोलिला, "येतो." येल्या म्हणाला, "नाईक, रात्रीची आहे हो, उतरली कधीच. जरा पुन्हा हुंगा की!" नाईकाने पुन्हा हुंगिले नाही. शिपायांनी येल्यास धरून नेले. त्याउपरी गडावर कोणी हसेना.

पुढे येल्याच्या जागी दुसरा गडी आला, आणि महिनाभरात दहाही तोंडे तुळशीच्या पानासारखी निर्मळ जाहाली. हुजुरातून नाईकास पागोटे आले. परंतु झाकली मूठ ती. गनिमाची हूल उठली होती म्हणोन गड भरावयाचा होता, आणि दिवसास सहा पाळणे ओढीत ते दहा ओढू लागले, आणि गड्यांचे खांदे सुजले, आणि दारू तर बंद. मग कोणी एकाने अफूची गोळी आणिली. अफूस वास नाही. हुकुमात अफूचे नाव नाही. आणि हुंगणाऱ्या नाकास डोळे नसतात ऐसे गडी आपसांत म्हणत. धाकोजीस मात्र डोळे होते. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या, नाक सारखे खाजविणे, हे त्याने पहिल्या आठवड्यातच ओळखिले. बोलावे तर कडेलोट, आणि येल्याचे ते "पुन्हा हुंगा की" कानात. म्हणोन गप्प राहिला. आणि दुसरे कारण लिहिताना मला लाज वाटते, परंतु शपथ घेतली आहे. श्रावणात नाईकाची कंबर धरली, पालथे पडवेना, तेव्हा रवळोजी जवळ येऊन म्हणाला, "नाईक, मुगाएवढी घ्या. कंबर आहे की नाही तेही कळायचे नाही." नाईकाने घेतली. दुसऱ्या दिवशी घेतली. मग रोज. दहा तोंडे हुंगणाऱ्याचे तोंड हुंगणारा त्या राज्यात कोणी नेमिला नव्हता.

कार्तिक शुद्ध दशमीस गनीम दोन कोसांवर आला. पायथ्याच्या वाडीतील बायकापोरे वर घ्यावी ऐसे हवालदार हैबतराव यांनी फर्माविले. वाडीत धाकोजीची एकुलती लेक भिवरा दिली होती, आठवा महिना लागलेली. सकाळपासून पाळणे येऊ लागले, एक, दोन, पाच. सहाव्यात तीन शेळ्या आणि एक म्हातारी होती, आणि पाळणा कड्याशी आला आणि नाईकाने "धर" म्हटले, आणि चाक थांबले नाही. पाळणा दोन हात खाली गेला, मग अडणा बसला, दोर करकरला, म्हातारीने देवीस हाक मारिली. सर्व वर आले. म्हातारी तर नाईकासच आशीर्वाद देऊन गेली. परंतु धाकोजी पालथाच राहिला. रवळोजीचा हात उशिरा पडला, की आपलीच हाक उशिरा निघाली? किती आठविले तरी त्यास कळेना. तोवर रिता पाळणा पुन्हा तळास उतरला होता, आणि खाली पाहतो तो त्या सातव्या पाळण्यात हिरवे लुगडे बसत होते. भिवरा! एक हात पोटावर, एक हात दोरावर, आणि वर पाहून हसत होती, आबा दिसले म्हणोन.

खालून शिंग वाजले, म्हणजे ओढा. धाकोजी ओढा म्हणेना. हवालदार धावत आले, "नाईक, वाचा बसली काय? गनिमाची धूळ दिसते!" धाकोजी उठला. हात जोडून म्हणाला, "सरकार, मी अफू घेतली आहे. आज सकाळी, मुगाएवढी. रोज घेतो. माझ्या हाकेवर लेक ओढू नका."

मग रवळोजीने अडण्यावरून हात काढिला आणि मान खाली घालून म्हणाला, "मीही, सरकार." मग एक गडी मागे सरला, मग दुसरा, ऐसे करिता पाच सरले. हवालदारांचे तोंड पांढरे फटक पडले. रहाटावर चौघे उरले, आणि पाळणा तळाशी, आणि धूळ जवळ. तेव्हा हवालदारांनी पागोटे फेकिले, आपण अडणा धरिला, आणि सबनीस, पुजारी, कोठीवाला, आचारी, न्हावी, जो दिसेल त्यास रहाटास जुंपिले, आणि हाक देण्यास गडाचा शिंग फुंकणारा शिंगाडा कड्यावर पालथा निजविला. धाकोजीस वीस हात लांब उभा केला. त्याने कडा पाहावयाचा नाही. फक्त दोर ऐकावयाचा. आचाऱ्याचे हात तुपट, सबनिसाच्या तळव्यांस पहिल्याच फेऱ्यात फोड, दोर थांबे, करकरे, पुन्हा चाले. आयुष्यात धाकोजीने हजारो पाळणे चढविले, परंतु इतका लांब दोर ऐकिला नव्हता. मध्येच शिंगाडा ओरडला आणि मग कोणीच बोलेना. धाकोजीने डोळे मिटिले, आणि येल्या पडला तेव्हा किती वेळाने आवाज आला होता ते मोजू लागला. आवाज आला तो भिवरेचा. "आबा कुठे आहेत?"

सातांस कड्यालगतच्या कोठडीत कोंडून हवालदारांनी हुजूर लिहिले. आठच दिवसांत गनिमाने वेढा उठविला, परंतु उत्तर येण्यास एकवीस दिवस लागले. अफू तुटली म्हणोन सातही जण कण्हत, वांत्या करीत, घामाने भिजत, आणि रोज पहाटे बाहेर पाऊल वाजले की कण्हणे बंद होई. एकदा रवळोजी म्हणाला, "नाईक, उगाच बोललात." धाकोजी म्हणाला, "होय. फार भ्यालो होतो." एकविसाव्या दिवशी पत्र आले. कारभाऱ्यांनी लिहिले होते की, सातांचा कडेलोट केल्यास रहाट कोण फिरविणार? सबब हुंगणे बंद करावे. पाळणे सहाच ओढावे. जो आपण होऊन सांगेल त्यास अभय. त्याने त्या दिवशी रहाटास हात लावू नये, भाकर त्यास तीच मिळावी. जो लपवील त्यास मागील हुकूम. दया म्हणावी तर दया, गरज म्हणावी तर गरज.

तेव्हापासून नाईक रोज सकाळी दहा जणांस पुसतो, "आज कसा?" आणि ते सांगतात. मग नाईकास पुसावयाचे काम भिवरेचे. तान्हे पोर उराशी धरून ती कड्याशी येते आणि म्हणते, "आबा, आज?"

एकंदर हकीकत ऐसी. गनीम आला आणि गेला, गडाचा एक चिराही हलला नाही. परंतु भिवरेने पुसल्यावर धाकोजी लगेच बोलत नाही. तो नातवाकडे पाहतो, दोराकडे पाहतो, आणि त्याचे उत्तर येईतो रहाटावरील सर्व हात तसेच थांबून राहतात. माघात एक दिवस तो "आज घेतली" म्हणाला. त्या दिवशी पाळणा खालीच राहिला. हे लिहिले ते खरे.